डिसेंट म्हणजे भांडण नव्हे



'डिसेंट' या शब्दावर बोला असं मला सांगितलं, तेव्हा पहिली अडचण उच्चाराची आली. सभ्य या अर्थाचा 'डीसंट', वंश या अर्थाचा 'डिसेंट' आणि आपला आजचा 'डिसेंट' कानाला जवळजवळ सारखेच. आपल्या घरांत पहिला आवडतो, दुसऱ्याचा अभिमान असतो, तिसरा मात्र खपत नाही!

शब्द लॅटिनमधून आला. 'डिस' म्हणजे वेगळं, 'सेंतिरे' म्हणजे वाटणं. पण वापरात त्याला नेमकेपणा आला आहे. चहात साखर किती, यावर तुमचं-माझं पटलं नाही तर तो साधा मतभेद. बहुमतानं निर्णय झाला आणि त्याच बैठकीतला एक जण म्हणाला, "मला हे मान्य नाही, माझी कारणं नोंदवून घ्या," तर ते डिसेंट. इंग्रजीत या क्रियापदापुढे 'विथ' नाही, 'फ्रॉम' येतं. वेगळं व्हायचं ते निर्णयापासून, माणसापासून नव्हे. मराठीत 'विरोध' फार कडक होतो. समित्यांच्या कामकाजातली 'भिन्नमतपत्रिका' बरीच जवळ जाते. आपल्याकडे 'इख्तिलाफ' आहेच. तो आणि 'मुखालफत' एकाच अरबी धातूचे, पण इमामांमधल्या फरकाला आपण इख्तिलाफ म्हणतो, मुखालफत नाही.

एक उदाहरण देतो. १९५० मध्ये कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन प्रतिबंधक स्थानबद्धतेत होते. त्यांचा खटला सर्वोच्च न्यायालयात सहा न्यायमूर्तींपुढे आला. बहुमत म्हणालं, संसदेनं कायदा करून कार्यपद्धती ठरवली की पुरे. न्यायमूर्ती सय्यद फझल अली यांनी वेगळा निकाल लिहिला. माणसाचं स्वातंत्र्य काढून घ्यायचं तर त्याला नोटीस हवी, बाजू मांडायची संधी हवी, ऐकणारा निःपक्ष हवा. मूलभूत हक्क सुटे सुटे वाचू नयेत, असंही त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी राजीनामा दिला नाही की सहकाऱ्यांना दूषणं दिली नाहीत. त्याच पीठावर बसून कारणं लिहिली. १९७० मध्ये बँक राष्ट्रीयीकरणाच्या खटल्यात आणि १९७८ मध्ये मनेका गांधी खटल्यात न्यायालय त्यांच्या विचाराकडे आलं. हे पाहायला ते नव्हते, १९५९ मध्येच गेले होते.

हे सगळं कोर्टाचं झालं. मागच्या महिन्यात एका मुलीनं मला विचारलं, "घरच्यांनी ठरवलंय, बारावीनंतर शिकायचं नाही. मी नाही म्हटलं तर घर सोडावं लागेल का?" मी म्हटलं, घर का सोडायचं? आधी कारणं लिही. तिनं अब्बांना दोन पानं लिहिली: फी किती, एसटीचा पास केवढ्याला, बरोबर कोण जाणार. अब्बांनी कागद घडी करून खिशात ठेवला. अजून उत्तर दिलेलं नाही. फॉर्म भरायची मुदत मात्र जवळ आली आहे, म्हणून येत्या रविवारी मी त्यांच्याकडे जाणार आहे. तुमच्यापैकी कुणी बरोबर येणार असेल तर सांगा.