घंटीभोवतीचे शिक्षण

(साक्षरता वर्गांच्या स्वयंसेवक शिक्षकांपुढे केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



माणूस माणसामुळे घडतो, हे आपण इतक्या वेळा ऐकले आहे की आता ते कानावरून निघून जाते. म्हणून थोरांची चरित्रे आज बाजूला ठेवून मी आपणांस सुरतेतील कतारगामला नेणार आहे. सुरत आपणांस परकी नाही. खानदेशातील कितीतरी कुटुंबे तापीकाठच्या रेल्वेने तेथे गेली आणि उधना-लिंबायत भागात मागावर उभी राहिली. कतारगाम मात्र शहराच्या उत्तरेस. मूळचे हे गाव आज हिऱ्यांच्या कारखान्यांनी गजबजलेले आहे. जगात घासल्या जाणाऱ्या हिऱ्यांपैकी नगांच्या हिशेबाने बहुसंख्य हिरे सुरतेत घासले जातात, आणि ते घासणारे हात प्रामुख्याने सौराष्ट्रातील शेतकरी कुटुंबांचे आहेत. पावसाने दगा दिला, जमीन वाटणीत तुटली, की तरुण आपल्या काकाच्या किंवा गाववाल्याच्या पत्त्यावर सुरतेला येतो.

पैलू पाडण्याच्या यंत्राला तेथे घंटी म्हणतात. तेल व हिऱ्याची पूड लावलेली लोखंडी चकती वेगाने फिरत असते आणि तिच्याभोवती चौघे कारागीर बसतात. नवा मुलगा त्यांच्याच शेजारी बसून शिकतो. गोल हिऱ्याला माथ्याचे 33 आणि तळाचे 24 असे 57 पैलू. हिऱ्याचा कठीणपणा सर्व दिशांना सारखा नसतो. चुकीच्या दिशेने धरला तर तो घासलाच जात नाही. ती दिशा शब्दांत सांगून कळत नाही. जुना कारागीर आयग्लास डोळ्याला लावतो, खडा पाहतो, किंचित वळवून परत देतो. बोलणे फारसे होत नाहीच.

आता खरा प्रश्न. तेथे मजुरी नगावर मिळते. शिकवण्यात गेलेला वेळ हा शिकवणाऱ्याच्या स्वतःच्या मजुरीतून जातो. तरीही तो शिकवतो, कारण त्यालाही कोणीतरी असेच शेजारी बसवून घेतलेले असते. परतफेड शिकवणाऱ्याला होत नाही. ती पुढच्या मुलाला होते.

या चित्राला दुसरी बाजू आहे आणि ती लपविणे मला योग्य वाटत नाही. त्याच घंटीभोवती तंबाखूही शिकली जाते. शाळा अर्ध्यावर सोडण्याचे धाडसही तेथूनच गावाकडे पोहोचते. 2008 सालच्या जागतिक मंदीत अनेक कारखाने बंद पडले, हजारो कारागीर सौराष्ट्रात परतले, आणि मुलांच्या शाळा सुटल्या. ज्यांच्या हाती एकच विद्या होती त्यांची तेव्हा फार ओढाताण झाली. चौदा वर्षांखालील मुलास कामावर ठेवण्यास 2016 च्या दुरुस्तीने कायद्याने सरसकट मनाई केली आहे, हेही येथे सांगितले पाहिजे. सोबत्याकडून शिकणे हे शाळेला पर्याय नव्हे.

जीन लेव्ह या अभ्यासिकेने आफ्रिकेतील लायबेरिया देशात शिंप्यांच्या दुकानांतील उमेदवारांचे निरीक्षण केले होते. तेथे नवशिक्यास कापड बेतावयास देत नसत. आधी गुंड्या लावणे, मग शिवण, आणि बेतणे सर्वांत शेवटी. पूर्ण होत आलेला कपडा सुरुवातीलाच त्याच्या हाती येई. शिक्षक मित्रहो, आपण मात्र साठ वर्षांच्या बाईला ‘अ’पासून सुरुवात करावयास लावतो! तिला आधी तिचे नाव लिहू द्या, एस.टी.ची पाटी आणि बँकेची चिठ्ठी वाचू द्या. मुळाक्षरे मागाहून येतील.

आपल्या राज्यास हा मार्ग नवा नाही. 1959 साली सातारा जिल्ह्यात ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली, ती गावकऱ्यांच्याच बळावर. 2022 ते 2027 या कालावधीसाठी आखलेला ‘उल्लास’ कार्यक्रमही पंधरा वर्षांवरील असाक्षरांकरिता स्वयंसेवकांवरच उभा आहे. फरक एवढाच की कतारगामच्या कारागिराची शिकवताना मजुरी बुडते. आपल्याकडे शिकणाऱ्याला मान जाण्याचे भय असते, आणि हे भय मजुरीपेक्षा जड आहे.

एका वर्गात मी पाहिले. सून स्वयंसेविका, सासू विद्यार्थिनी. पहिल्या दिवशी सासूबाईंनी सुनेच्या हातून पाटी घेतलीच नाही. आठवडा तसाच गेला. मग सुनेनेच त्यांना विचारले, “आत्याबाई, लोणच्याचं प्रमाण मला लिहून ठेवायचंय, तुम्ही सांगता का?” त्या सांगत गेल्या, ही लिहीत गेली, आणि आपण सांगितलेले कागदावर कसे दिसते ते पाहण्यास सासूबाई जवळ सरकल्या. ‘मीठ’ हा त्यांनी वाचलेला पहिला शब्द. तिसऱ्या महिन्यात दुधाच्या हिशेबात सुनेचीच बेरीज चुकल्याचे त्यांनी दाखवून दिले.

त्या दोघी आज या सभेत मागे बसल्या आहेत. नावे सांगण्यास त्यांनी मला मनाई केली आहे.