संकटकाळी उपाहारगृहातील सेवकवर्ग



नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईच्या ताजमहाल हॉटेलवर हल्ला झाला, तेव्हा तेथील सेवकांनी पाहुण्यांना वाचविले. कित्येकांनी प्राण दिले. ही निष्ठा त्या रात्रीच उपजली नव्हती. ती संस्था लहान गावांतून मुले निवडी आणि इतरत्र १२ महिने चालणारे शिक्षण १८ महिने देई. पुढे हॉटेल बंद असताही वेतन चालू राहिले. जुना भाग तर १५ ऑगस्ट २०१० रोजी उघडला.

उलट २०२० च्या टाळेबंदीत अनेक खानावळवाल्यांनी आचारी-वाढप्यांना रिकाम्या हातांनी गावी धाडले, आणि चुली पुन्हा पेटताच तेच आचारी शोधीत फिरले. लहान धंद्याची ओढाताण मी जाणतो. तरीही बऱ्या दिवसांत दोन महिन्यांचे वेतन निराळे ठेवावे, आणि भटारखान्याच्या खर्चासाठी त्यास हात लावू नये.