टसराचा धागा

सुटींत चार स्नेह्यांनीं मिळून खेड्याकडे जावें, ही चाल शहरांत आतां रूढ झाली आहे. भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यांतील चिखला हें गांव मॅंगनीजच्या खाणीमुळें ठाऊक आहे. परंतु या जिल्ह्याची दुसरी संपत्ति भूमीच्या पोटांत नसून झाडांच्या फांद्यांवर आहे. ती म्हणजे टसर.

ढिवर लोक ऐन व अर्जुन या वृक्षांवर रेशमाचे किडे पोसतात आणि पांखरांपासून त्यांना राखतात. कोश उकळून मऊ केले कीं त्यांतून तंतु काढावयाचा. हें काम पूर्वापार स्त्रियांचें. उघड्या मांडीवर धागा वळतां वळतां कातडी सोलून निघे. ती पद्धति संपावी म्हणून १९४९ सालीं स्थापन झालेल्या केंद्रीय रेशीम मंडळानें यंत्रचरखे पुढें आणले. पुढें आंधळगांव-मोहाडीकडील कोष्टी तीन धोट्यांनीं करवती लुगडें विणतात: अंग टसराचें, काठ सुताचा, आणि दोहोंची सांधणी करवतीच्या दात्यांसारखी.

अशा ठिकाणीं गेलेल्या मंडळींनीं मागाजवळ घटकाभर अवश्य बसावें. परंतु केवळ वाखाणणीनें विणकराची चूल पेटत नाहीं. लुगडें घेतांना किंमत पाडून मागूं नये. त्या किंमतींत रानांतला पहारा, स्त्रियांची वळणी आणि विणकराचे दिवस, या साऱ्यांचा वांटा आहे.