कामाची वाटणी आणि मिळवणी



एखादी वस्तू विभागणे सोपे असते; विभागलेली वस्तू पुन्हा एक करणे कठीण असते. ही गोष्ट खेड्यातील माणसाला निराळी शिकवावी लागत नाही. वडिलोपार्जित शेताच्या भावाभावांत वाटण्या होतात, बांध पडतात आणि तीन-चार पिढ्यांनंतर औत फिरवावयासही जागा पुरत नाही. तुकडे पाडण्यास एक दिवस पुरतो. तेच तुकडे जोडावयाचे म्हटले म्हणजे मोजणी, नकाशे आणि हरकती आल्याच. यास्तवच मुंबई प्रांताला सन १९४७ मध्ये जमिनीची तुकडेबंदी व एकत्रीकरण यांसाठी स्वतंत्र कायदा करावा लागला.

जे जमिनीचे, तेच कागदपत्रांचे. पटनोंदणीचे सर्वेक्षण असो, निकालपत्रक असो की मोफत पाठ्यपुस्तकांची मागणी असो, शाळेतील काम आज बहुधा अनेकांच्या हातांत विभागले जाते. वर्गशिक्षक आपापला भाग तयार करतात, मुख्याध्यापक ते भाग एकत्र करतात आणि केंद्रावर अनेक शाळांच्या याद्यांची एक यादी होते. पूर्वी हे काम कागदावर होत असे. आता ते पुष्कळ अंशी संगणकावर होते. संगणकामुळे मिळवणी क्षणात होते, परंतु ती बरोबर झाली की नाही हे त्या वेगावरून कळत नाही. सबब या यंत्रात वाटणी आणि मिळवणी कशी चालते, हे शिक्षकाने समजून घेणे अगत्याचे आहे.

संगणकाचे कार्यक्रम लिहिणाऱ्या मंडळींना ही अडचण फार लवकर भासली. एकाच मजकुरावर दोघांनी एकाच वेळी काम केले, तर शेवटी जो आपली प्रत ठेवील त्याची प्रत राहते आणि आधीच्याचे श्रम पुसले जातात. यावर पहिला उपाय निघाला तो कुलपाचा. एकाने मजकूर दुरुस्तीसाठी घेतला, की तो परत करीपर्यंत इतरांनी वाट पाहावयाची. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात वॉल्टर टिची यांनी १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तयार केलेली आरसीएस नावाची व्यवस्था मुख्यतः याच तत्त्वावर चाले. हा उपाय निर्धोक खरा. पण कपाटाची किल्ली खिशात घालून एखादे गुरुजी रजेवर गेले, तर सगळ्या शाळेचे काम जसे अडते, तसेच येथेही होई.

ॲम्स्टरडॅम येथील एका विद्यापीठात डिक ग्रून नावाचे अध्यापक होते. सन १९८४-८५ च्या सुमारास ते आणि त्यांचे दोन विद्यार्थी मिळून एक कार्यक्रम लिहीत होते. तिघांच्या कामाच्या वेळा जुळत नव्हत्या. एक विद्यार्थी ठरलेल्या वेळी येणारा, दुसरा अनियमित, आणि स्वतः ग्रून यांना सवड मिळे ती संध्याकाळी. कुलपाची पद्धत ठेवली असती तर तिघे एकमेकांची वाट पाहतच बसले असते. ग्रून यांनी कुलूप काढून टाकले. प्रत्येकाने आपली स्वतंत्र प्रत घ्यावी, आपल्या वेळी काम करावे आणि मागाहून सर्वांचे बदल एकत्र करावेत, अशी योजना त्यांनी आखली. १९८६ मध्ये त्यांनी ती सर्वांसाठी प्रसिद्ध केली. सीव्हीएस या नावाने ती पुढे अनेक वर्षे वापरली गेली. तिच्यातील एक नियम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. ज्याला आपले काम सामायिक प्रतीत जमा करावयाचे असेल, त्याने तोवर इतरांनी जमा केलेले बदल आधी आपल्या प्रतीत उतरवून घेतले पाहिजेत. त्यावाचून त्याचे काम स्वीकारले जात नसे. म्हणजे मागाहून येणाऱ्याने आधी आलेल्याचे काम पुसावयाचे नाही, तर ते सांभाळून आपले काम त्यात मिळवावयाचे.

आता खरा प्रश्न असा की, दोन भिन्न प्रती यंत्र जुळविते तरी कसे? याचे उत्तर एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका वर्गाच्या यादीत ३८ नावे आहेत. तिच्या दोन प्रती काढून एक एका शिक्षकाकडे आणि दुसरी एका शिक्षिकेकडे दिली. शिक्षकांच्या वाडीतील एक मुलगा दाखला घेऊन परगावी गेला, म्हणून त्यांनी त्याचे नाव कमी केले. आणि ऊसतोडीहून परतलेल्या कुटुंबांतील दोन मुली शाळेत आल्या, त्यांची नावे वाढविली. त्यांची यादी ३९ ची झाली. शिक्षिकाबाईंना आपल्या वस्तीत एक नवा मुलगा आढळला. त्याचे नाव त्यांनी घातले. त्यांचीही यादी ३९ चीच झाली. दोन्ही बेरजा जुळल्या, परंतु याद्या मात्र जुळत नाहीत.

या दोन प्रती घाईने एकत्र केल्या तर काय होईल? शिक्षिकाबाईंची प्रत शेवटी आली म्हणून तीच ठेवली, तर ऊसतोडीच्या दोन मुली यादीतून नाहीशा होतील आणि गाव सोडून गेलेला मुलगा मात्र राहील. दोन्ही याद्यांत सामाईक असलेलीच नावे ठेवली, तर ३७ उरतील. नवी तिन्ही मुले गळतील. कोणत्याही यादीत असलेले प्रत्येक नाव घेतले, तर ४१ होतील. गेलेला मुलगा पुन्हा पटावर येईल. खरी संख्या ४० आहे, आणि ती वरील तिन्ही मार्गांनी मिळत नाही.

ती मिळण्यास तिसरा कागद लागतो, आणि तो म्हणजे ज्या यादीवरून या दोन प्रती निघाल्या ती ३८ नावांची मूळ यादी. एखादे नाव एका प्रतीत आहे आणि दुसरीत नाही, एवढ्यावरून ते पहिलीत नव्याने घातले की दुसरीतून काढले, हे सांगता येत नाही. मुळाशी ताडून पाहताच ते समजते. मुळात नव्हते, तर ते घातले आहे. मुळात होते, तर ते काढले आहे. मग दोन्हींकडील बदल तेवढे उचलून मुळावर चढवावयाचे. ३८ मधून एक वजा, दोन अधिक, आणखी एक अधिक, म्हणजे ४०. कार्यक्रमकर्त्यांच्या सर्व मिळवणीचा पाया हाच आहे. ‘तिहेरी मिळवणी’ हे नाव त्याला याच कारणाने पडले.

मुळाचे हे महत्त्व महाराष्ट्रातील विद्वानांना अपरिचित नव्हते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सन १९१९ मध्ये महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करण्याचे काम हाती घेतले. देशभर विखुरलेली, निरनिराळ्या लिपींतील बाराशेंहून अधिक हस्तलिखिते पाहण्यात आली. डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर यांच्या संपादकत्वाखाली आदिपर्व १९३३ मध्ये पूर्ण प्रसिद्ध झाले आणि सर्व पर्वांचे काम १९६६ मध्ये संपले. तेथे अडचण अधिक बिकट होती, कारण मूळ प्रत कोणाच्याच हाती नव्हती. यास्तव उत्तरेकडील आणि दक्षिणेकडील स्वतंत्र परंपरांच्या प्रती ताडून, ज्या पाठात दोहोंचे एकमत, तो मुळाच्या जवळचा, असे अनुमान बांधावे लागले. मूळ हरवले म्हणजे ते पुन्हा शोधण्यास विद्वानांची जवळजवळ अर्धे शतक खर्ची पडते. ज्याच्याजवळ मूळ यादी आहे, त्याने ती एक वेगळी प्रत म्हणून जपून ठेवणे हे केवढे स्वस्त काम आहे!

मूळ जपण्याचे हे काम यंत्राकडेच सोपविण्याची व्यवस्था आता सर्वत्र रूढ झाली आहे. फिनलंडचे लायनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स या प्रणालीस आरंभ केला. पुढे जगभरचे हजारो लोक तिच्यात भर घालू लागले. त्यांचे काम जुळविण्याचे जे साधन वापरात होते, त्याचा विनामूल्य वापर २००५ मध्ये बंद झाला. तेव्हा टोरवाल्ड्स यांनी त्याच वर्षीच्या एप्रिल महिन्यात गिट नावाचे नवे साधन लिहावयास घेतले आणि काही दिवसांतच ते कामास लावले. त्यात प्रत्येक बदलाची तारीख, कर्ता आणि कारण यांची नोंद राहते. मुख्य प्रवाहातून फाटा काढून स्वतंत्रपणे काम करता येते. आणि दोन फाटे जुळले, की त्या जुळणीच्या नोंदीत तिच्या दोन्ही जनकांचा उल्लेख असतो. त्यामुळे कोणत्या मुळापासून वाट फुटली, हे यंत्राला नोंदी मागे तपासून शोधता येते.

तथापि यंत्राची एक मर्यादा आहे. एकाच ओळीत दोघांनी दोन निराळे बदल केले, उदाहरणार्थ एकाने जन्मतारीख १२ जून केली आणि दुसऱ्याने २१ जून, तर त्यांतील खरी कोणती, हे यंत्र ठरवीत नाही. ते थांबते, दोन्ही मजकूर खुणा करून समोर ठेवते आणि निर्णय माणसावर सोपविते. हे थांबणे पुष्कळांना त्रासाचे वाटते. वस्तुतः तो यंत्राचा गुण होय. जन्मतारखेचा निकाल जन्माच्या दाखल्यावरूनच लागावयास हवा.

याहून अधिक धोका यंत्र न थांबता पुढे जाते तेव्हा असतो. एका शिक्षकाने सहामाहीचा गणिताचा पेपर सोमवारऐवजी शनिवारी सकाळी ११ वाजता लावला. दुसऱ्याने त्याच वेळापत्रकात, निराळ्या ओळीत, शनिवारची शाळा साडेदहाला सुटेल असे लिहिले. ओळी भिन्न असल्याने यंत्राने दोन्ही बदल बिनतक्रार स्वीकारले. अक्षरे जुळली, अर्थ मात्र जुळला नाही. म्हणून मिळवणीनंतर सबंध कागद एकदा आरंभापासून शेवटापर्यंत वाचण्याला पर्याय नाही.

मिळवणीत माणसे कशी गळतात, याचे एक मोठे उदाहरण २०२० मधील आहे. कोविडच्या साथीत इंग्लंडच्या तत्कालीन सार्वजनिक आरोग्य खात्याकडे प्रयोगशाळांकडून बाधितांच्या याद्या येत आणि तेथे त्या एकत्र केल्या जात. त्यासाठी एक्सेलच्या जुन्या प्रकारची फाईल वापरली जात होती. तिच्यात ६५,५३६ पेक्षा अधिक ओळी मावत नाहीत. एकेका रुग्णाच्या माहितीला अनेक ओळी लागत असल्यामुळे ही मर्यादा लवकरच गाठली गेली आणि पुढच्या नोंदी नकळत गळून पडल्या. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातील १५,८४१ बाधितांची नोंद दैनंदिन आकड्यांत आली नाही. त्या रुग्णांना आपला निकाल कळला होता. परंतु त्यांच्या सहवासात आलेल्यांचा शोध घेणाऱ्यांपर्यंत ही नावे वेळेवर पोहोचली नाहीत. आलेल्या नोंदी किती आणि मिळवणीनंतर उरलेल्या किती, एवढे दररोज ताडून पाहिले असते, तर ही गळती पहिल्याच दिवशी दिसून आली असती.

या सर्वांवरून शाळेच्या नित्याच्या कामासाठी काही गोष्टी घेता येतील.

पहिली गोष्ट, प्रती वाटण्यापूर्वी मूळ यादी दिनांक घालून वेगळी ठेवावी आणि तिला कोणी हात लावू नये. दुसरी, प्रत्येकाने केवळ सुधारलेली यादी न देता, कोणते नाव घातले, कोणते काढले आणि का, हे सोबत लिहून द्यावे. तिसरी, मिळवणी वर्षाच्या शेवटी एकदम न करता दर आठवड्यास अगर पंधरवड्यास करावी. वाटा जितक्या दूर जातील, तितके त्यांना एकत्र आणणे जड जाते. चौथी, दोन याद्या नावावरून कधीही जुळवू नयेत. एका गावात एकाच नावाची आणि आडनावाची दोन मुले असणे नवलाचे नाही. नावावरून जुळविले, तर दोहोंचे एक होते. जनरल रजिस्टरचा क्रमांक एकाच मुलाचा असतो. जुळणी त्यावरूनच करावी. पाचवी, एक्सेलमध्ये अनेक चौकटी एकत्र केल्या असता डावीकडील वरच्या चौकटीतील मजकूर तेवढा राहतो आणि बाकीचा जातो; म्हणून यादीच्या भागात ही क्रिया करूच नये. सहावी आणि सर्वांत महत्त्वाची, मिळवणीपूर्वीच्या व नंतरच्या संख्यांचा हिशेब कागदावर मांडावा. मूळ इतके, वाढले इतके, कमी झाले इतके, शिल्लक इतके. हा हिशेब जुळेपर्यंत यादी पुढे पाठवू नये.

हाच विषय मुलांनाही खेळातून देता येईल. फळ्यावर गावाचे वर्णन दहा ओळींत लिहावे. दोन गटांनी ते उतरून घेऊन आपापसांत विचार न करता त्यात सुधारणा कराव्यात. नंतर दोन्ही प्रतींवरून एकच वर्णन तयार करण्यास सांगावे. प्रथम फळा पुसून, आणि मागाहून मूळ दहा ओळी पुन्हा लिहून. मूळ समोर नसताना मुले भांडतात. मूळ समोर आले की बहुतेक भांडणे आपोआप मिटतात, आणि जी उरतात ती खरोखरच बसून ठरविण्याची असतात. इयत्ता पाचवीच्या मुलांना एवढे सहज साधेल.

ऊसतोडीहून आलेल्या त्या दोन मुलींना आपली नावे कोणत्या प्रतीत आहेत, हे ठाऊक नसते. यादीत नाव असले तर पुस्तके मिळतात, नसले तर त्या शेजारणीच्या पुस्तकात डोकावून बसतात. मिळवणीचे काम करणाऱ्या शिक्षकाने यादी पुढे पाठविण्यापूर्वी वर्गात जाऊन एकदा मुले मोजावीत. बाकावर ४० असतील, तर कागदावरही ४० असली पाहिजेत.