एका लहान नाण्याची पत
(नभोवाणीवरील भाषण)



आभासी चलनांपैकी बिटकॉइनचे नाव आता बहुतेकांच्या कानावर आले आहे. माझा आजचा विषय मात्र त्याहून फार लहान आहे. मला बोलावयाचे आहे ते ‘बीयर’ नावाच्या एका टोकनाविषयी. नाव ऐकून कोणी हसेल, आणि नाव ठेवणाऱ्यांचाही हेतू तोच असावा. एका लेखनसमाजात कोणाचा लेख आवडला, कोणाचे उत्तर मार्मिक वाटले, की मित्रापुढे पेला सरकवावा तसे हे टोकन पुढे सरकवीत. त्याची बाजारातील किंमत ऐकाल तर एवढ्यासाठी नभोवाणीची पंधरा मिनिटे कशाला, असे आपणांस वाटेल. परंतु मोठ्या चलनांच्या गदारोळात जो प्रश्न झाकला जातो तो या लहान टोकनात उघडा दिसतो. तो प्रश्न असा की, ज्याच्याजवळ काहीच नाही अशा माणसाने दिलेल्या दादेचे मोल काय?

प्रथम ती जागा समजून घेऊ. ब्लॉकचेन म्हणजे एक सार्वजनिक रोजकीर्द. पेढीची रोजकीर्द मुनीमजींच्या हाताखाली असते. ही रोजकीर्द अनेक संगणकांवर एकाच वेळी लिहिली जाते. प्रत्येक नव्या पानावर आदल्या पानाचा एक गणिती ठसा उमटलेला असतो. त्यामुळे मागचे एखादे पान कोणी गुपचूप बदलू गेला, तर पुढील सर्व ठसे चुकतात आणि लबाडी उघडकीस येते. 2016 च्या मार्च महिन्यात नेड स्कॉट आणि डॅन लॅरिमर या दोघांनी ‘स्टीम’ नावाची अशी एक रोजकीर्द सुरू केली. तीत दर तीन सेकंदांनी एक पान लिहिले जाई. विशेष हा की, या पानांवर पैशाच्या देवघेवीबरोबर लोकांचे लेख, त्यांवरील अभिप्राय आणि वाचकांनी दिलेली मतेही उतरत. लेख प्रसिद्ध झाला की सात दिवस मते मोजली जात, आणि नव्याने निर्माण होणाऱ्या चलनाचा काही वाटा त्या मतांच्या मानाने लेखकास मिळे. मत देणारासही त्यात हिस्सा असे. प्रारंभी लेखकाचे सुमारे तीन हिस्से व मतदात्यांचा एक, तर 2019 च्या ऑगस्टनंतर निम्मेनिम्मे.

लेखकास संपादकाची दारे झिजवावी न लागता वाचकांकडून मानधन मिळावे, ही कल्पना कोणाला आवडणार नाही? 2018 च्या जानेवारीत एका स्टीमचा भाव 8 डॉलरांच्या आसपास गेला, तेव्हा तर सर्वांनाच आपल्या अंगी लेखनगुण असल्याचा साक्षात्कार झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस तो भाव अर्ध्या डॉलरच्याही खाली आला आणि पुष्कळांचा साक्षात्कार मावळला.

तथापि भावाची चढउतार हा या व्यवस्थेचा खरा दोष नव्हता. दोष होता मतांच्या वजनात. येथे ‘एक माणूस, एक मत’ असा नियम नव्हता. ज्याने जितके चलन दीर्घ मुदतीने अडकवून ठेवले असेल, तितके त्याचे मत जड. लक्षावधी स्टीम बाळगणाऱ्याने सहज बोट लावले तरी लेखकाच्या पदरात काही डॉलर पडत. नवागताने लेख दोनदा वाचून, मनापासून मत दिले तरी त्याचे फळ दशांशचिन्हामागील शून्यांत हरवून जाई. इतकेच नव्हे, तर ज्या लेखाची एकूण कमाई 0.02 डॉलरपर्यंतही पोचत नसे, त्यास काहीच दिले जात नसे. त्या रकमेला तेथील परिभाषेत ‘धूळ’ असाच शब्द होता. 2019 च्या त्याच ऑगस्टमध्ये मोजणीचे सूत्रही बदलले आणि थोडकी मते मिळविणाऱ्या लेखांचा वाटा आणखी घटला.

संत मार्क आणि संत लूक यांच्या शुभवर्तमानांत एका गरीब विधवेची हकीकत आहे. मंदिराच्या दानपेटीत धनवान लोक मोठमोठी दाने टाकीत असता तिने दोन क्षुद्र नाणी टाकली, आणि प्रभू येशूने शिष्यांना सांगितले की, हिचेच दान सर्वांत मोठे. आता कल्पना करा की ती दानपेटी स्टीमची आहे. तेथील गणित त्या दोन नाण्यांना धूळ म्हणून बाजूस काढील. गणिताला दोष देण्यात अर्थ नाही; त्याला शिकविले तेच ते करते. परंतु असे गणित ज्यांनी रचले त्यांनी, वाचकाची रसिकता आणि वाचकाची मालमत्ता या दोन गोष्टी एकाच तराजूत घातल्या, हे सांगितलेच पाहिजे.

या अडचणीतून लहान टोकनांना वाव मिळाला. 2019 साली ‘स्टीम-एंजिन’ नावाची एक जोडव्यवस्था निघाली. तिची युक्ती मोठी मौजेची होती. मूळ रोजकीर्दीच्या जणू समासात काही मजकूर लिहावयाचा. मूळ रोजकीर्द त्याचा अर्थ लावीत नाही, फक्त तो जपून ठेवते. अर्थ लावण्याचे काम दुसरे संगणक करतात, आणि अमक्याने तमक्यास इतकी टोकने दिली, असा त्या समासावरून वेगळा हिशेब तयार होतो. या समासात नवे टोकन काढण्याची मुभा कोणासही होती. ठरलेले शुल्क भरावयाचे, नाव द्यावयाचे आणि जास्तीत जास्त किती टोकने निघतील तो आकडा लिहावयाचा. मग काय! क्रीडाप्रेमींचे टोकन निघाले, गुंतवणुकीवर लिहिणारांचे ‘लिओ’ निघाले, आणि अशाच गर्दीत ‘बीयर’ही आले.

बीयरची रीत साधी होती. लेखाखाली अभिप्राय लिहिताना उद्गारचिन्ह काढून त्यापुढे हे नाव लिहावयाचे. एक स्वयंचलित खाते अशा खुणांवर नजर ठेवून असे. ते लगेच येऊन, अमक्याकडून तुम्हांस थोडी बीयर, आनंदाने घ्या, अशा आशयाची चिठ्ठी लेखकाच्या नावे डकवी आणि टोकन त्याच्या खाती जमा करी. मात्र हा अधिकार मिळविण्यासाठी देणाऱ्याने स्वतःची 24 बीयर टोकने अडकवून ठेवलेली असली पाहिजेत, असा नियम होता. 24 ठेवल्यास दिवसाकाठी एकदा बीयर देता येई. हा आकडा बाटल्यांच्या पेटीवरून घेतला असावा, असा माझा तर्क आहे.

आता यातील मर्म पाहा. मताने लेखकास जे मिळे ते मत देणाऱ्याच्या धनावर अवलंबून. बीयर देणाऱ्याच्या बाबतीत मात्र पेटीभर टोकनांचा उंबरठा ओलांडला की त्याची दाद धुळीत जात नसे. ती लेखाखाली नावानिशी उमटे, सर्वांस दिसे, आणि लेखकाच्या खाती मोजली जाई. आणि ही पेटी फार महाग नव्हती. नेमाने लिहिणाऱ्या नवागतास ती इतरांच्या कौतुकातूनच हळूहळू भरता येई. शाळेत निबंधाच्या वहीवर गुणांचा आकडा आणि त्याखाली लाल शाईतील एक शब्द असतो. मुले आकडा घरी सांगतात आणि शब्द मैत्रिणींना दाखवितात, हे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. बीयर त्या लाल शब्दासारखी होती. फरक इतकाच की तो शब्द बाजारात विकता येत होता.

आणि येथेच पहिला पेच पडतो. विधवेने दिले ते स्वतःचे दिले. बीयर देणाऱ्याच्या थैलीतून मात्र काहीच जात नसे. त्याची 24 टोकने जागच्या जागी राहत, आणि दिलेली बीयर त्या स्वयंचलित खात्यातून निघे. म्हणजे देणाऱ्याचा त्याग एवढाच की, आजची एकुलती एक संधी त्याने या लेखावर खर्च केली. ज्यांनी ती संधी तोलून वापरली त्यांच्या दादेला अर्थ राहिला. ज्यांनी रोज त्याच मित्राच्या लेखाखाली, लेख न वाचता, ती खूण टाकली आणि मित्राकडून परत घेतली, त्यांनी दादेला सवयीची कळा आणली. असे लोक थोडे नव्हते. अभिप्रायांच्या जागी नुसत्या खुणांच्या ओळी दिसू लागल्या की तो समाज वाचन सोडून मोजणीला लागला, असे खुशाल समजावे.

दुसरा पेच बाजाराचा. समजा, एखाद्याजवळ कौतुकात मिळालेली 1,000 टोकने साठली. पडद्यावर शेवटच्या व्यवहाराचा भाव दिसतो. त्या भावाने गुणाकार करून तो मनात सुखावतो. परंतु अशा लहान बाजारात त्या भावाने घेणारा गिऱ्हाईक कदाचित 50 टोकनांचाच असतो. पुढच्या 100 ना त्याहून कमी भाव, त्यापुढे आणखी कमी, आणि निम्मी टोकने विकण्याआधीच घेणारे संपतात. आठवड्याच्या बाजारात एकच गिऱ्हाईक असताना गाडीभर कलिंगडे आणणाऱ्यासारखी ही स्थिती. पडद्यावरील भाव म्हणजे शेवटच्या एका गिऱ्हाइकाचे मत; साऱ्या साठ्याची किंमत त्यावरून काढता येत नाही. लहान टोकनांत पैसे घालून हात पोळलेल्यांपैकी बहुतेकांनी हा साधा हिशेब केलेला नसतो.

सांकेतिक नाण्यांचा प्रयोग आपल्या देशाला नवा नाही. ज्या महंमद तुघलकाने दौलताबादेस राजधानी हलविली, त्यानेच 1330 च्या सुमारास चांदीच्या नाण्यांच्या मोलाने तांब्यापितळेची नाणी चालविली. घरोघर टांकसाळी निघाल्या, खोट्या नाण्यांचा पूर आला, आणि शेवटी खजिन्यातून चांदीसोने देऊन ती परत घ्यावी लागली. ब्लॉकचेनने तुघलकाची निम्मी अडचण सोडविली आहे, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे: येथे कोणाचेही नाणे कोणाला खोटे पाडता येत नाही. उरलेली निम्मी मात्र तशीच आहे. दुसऱ्याचे नाणे बनविता येत नसले तरी स्वतःचे नवे नाणे काढावयास कोणाची आडकाठी नाही. आणि ते परत घेऊन चांदी देणारा खजिनाही कोठे नाही.

या सर्वांची परीक्षा 2020 साली झाली. फेब्रुवारीत ट्रॉन या दुसऱ्या चलनाचे संस्थापक जस्टिन सन यांनी स्टीमची मूळ कंपनी विकत घेतली. त्या कंपनीच्या नावावर एकूण स्टीमचा सुमारे पाचवा हिस्सा होता. रोजकीर्द लिहिणारे प्रमुख वीस लेखनिक खातेदारांच्या मतांनी निवडले जात, आणि ही मतेही धनाच्या वजनाची. कंपनीचा हिस्सा समाजाच्या विकासासाठीच वापरावयाचा आहे, अशी लोकांची समजूत असल्याने लेखनिकांनी तो तात्पुरता गोठविला. त्यावर 2 मार्च रोजी बायनान्स, हुओबी आणि पोलोनिएक्स या विनिमयपेढ्यांकडील स्टीम मतदानात उतरले, आणि निवडलेले लेखनिक एका झटक्यात दूर झाले. ते स्टीम पेढ्यांचे स्वतःचे नव्हते. ग्राहकांनी विश्वासाने ठेवलेले होते. ठेवीदाराच्या ठेवीने ठेवीदाराच्याच गावची निवडणूक जिंकावी, असा तो प्रकार. 20 मार्चला समाजातील मोठा गट बाहेर पडला आणि त्याने ‘हाइव्ह’ नावाने रोजकीर्दीची नवी शाखा काढली. जुन्या खात्यांतील शिल्लक तिथे तितकीच मांडली गेली. कंपनीचा तो वादग्रस्त हिस्सा मात्र वगळला गेला.

माझ्या मते या प्रसंगात सर्वांत बोलकी गोष्ट लहान टोकनांची आहे. ती समासात राहत असल्याने मूळ वही फाटली तेव्हा त्यांना आपोआप घर मिळाले नाही. त्यांचे लोक जिकडे गेले तिकडे त्यांना न्यावे लागले. ‘हाइव्ह-एंजिन’ उभे राहिले आणि लिओ, बीयर यांसारखी टोकने नव्या शाखेवर चालू लागली. जुन्या जागी चलन होते, यंत्रे होती, धनही होते. परंतु बीयर पुढे करणारे हात आणि ती स्वीकारणारे हात उठून गेल्यावर तिला तिथे काय किंमत राहणार? कोट्यवधींच्या चलनावर सत्ता विकत घेता आली. पेलाभर कौतुकावर ती चालली नाही.

आपल्याकडील कायद्याविषयी दोन शब्द. 2018 च्या एप्रिलमध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना अशा चलनांच्या व्यवहारांपासून दूर राहण्यास सांगितले होते. ते परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने 4 मार्च 2020 रोजी रद्द केले. 1 एप्रिल 2022 पासून अशा मालमत्तेच्या विक्रीतील नफ्यावर 30 टक्के कर लागू झाला, आणि एका टोकनातील तोटा दुसऱ्यातील नफ्यातून वजा करण्याची सोय ठेवली गेली नाही. बीयरसारखी चिमुकली टोकनेही या व्याख्येबाहेर राहत नाहीत. म्हणून चार पैशांचे टोकन विकले तरी तारीख आणि भाव टिपून ठेवावा.

ज्या तरुणतरुणींना अशा लेखनसमाजात उतरावयाचे असेल त्यांनी टोकन विकत घेऊन आरंभ करू नये, लेख लिहून करावा. मिळेल ते साठू द्यावे. आणखी एक व्यवहाराची गोष्ट. हाइव्हवर खाते उघडले की एका खात्याच्या अनेक किल्ल्या हाती येतात. लेख लिहिणे, मत देणे, बीयरची खूण करणे एवढ्यासाठी पोस्टिंगची किल्ली पुरते. पैसे हलविणारी किल्ली निराळी, आणि सर्व किल्ल्या बदलू शकणारी मालकीची किल्ली त्याहून निराळी. पहिली संगणकावर असू द्यावी. शेवटची कागदावर लिहून, जिथे घराची कागदपत्रे ठेवता तिथे, कुलपात ठेवावी. आणि ती कोठे आहे हे घरातील एका माणसास सांगून ठेवावे.