समोरच्या दातांची डागडुजी आणि धर्मादाय निधी
(वार्षिक सर्वसाधारण सभेत दंतविभागातर्फे केलेल्या निवेदनाचा मजकूर)



समोरच्या दाताचा उडालेला टवका भरून देणे, दोन दातांमधील फट बुजवणे, दातांवरचे डाग झाकणे ही कामे सौंदर्यप्रसाधनात मोडतात, त्यांच्यासाठी धर्मादाय संस्थेने पैसा का खर्चावा, असा प्रश्न आमच्या काही देणगीदारांनी विचारला आहे. प्रश्न रास्त आहे. ज्यांनी आपल्या कष्टाच्या कमाईतून या वास्तूला हातभार लावला, त्यांना तो विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. अहवालातील आकड्यांच्या तक्त्यातून त्याचे उत्तर मिळण्यासारखे नाही, म्हणून अध्यक्षांच्या अनुमतीने आम्ही आज याच एका विषयावर बोलणार आहोत.

या उपचाराला दंतवैद्यकात 'बाँडिंग' म्हणतात. दाताच्या रंगाशी मिळताजुळता, लोण्यासारखा मऊ असा कॉम्पोझिट नावाचा पदार्थ दातावर लावून त्याला आकार दिला जातो आणि निळ्या प्रकाशाने तो काही सेकंदांत कठीण केला जातो. बोलीभाषेत लोक याला 'दाताच्या रंगाचे सिमेंट' म्हणतात. वस्तुतः हे सिमेंट नव्हे. त्यात रेझीन आणि काचेची अतिसूक्ष्म पूड असते. परंतु रुग्णांच्या तोंडी तो शब्द रुळला आहे आणि आम्हीही बाह्यरुग्ण विभागात बोलताना तोच वापरतो.

दातासारख्या ओल्या, गुळगुळीत पृष्ठभागाला काहीही चिकटवणे हे एकेकाळी अशक्यप्राय मानले जाई. जुन्या पद्धतीत चांदी भरायची म्हणजे ती अडकून राहावी यासाठी चांगला दातही कोरून खड्डा करावा लागे. अमेरिकेतील रॉचेस्टर येथील मायकेल ब्युओनोकोर या संशोधकांच्या वाचनात आले की, धातूवर रंग नीट धरावा म्हणून कारखान्यांत फॉस्फोरिक आम्लाचा वापर करतात. तीच युक्ती त्यांनी दाताच्या कवचावर करून पाहिली आणि १९५५ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. आम्लाने कवचावर डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रे पडतात, पातळ रेझीन त्यांत झिरपते आणि घट्ट झाल्यावर झाडाच्या मुळांप्रमाणे पकड घेते. पुढे राफेल बोवेन यांनी १९६२ च्या सुमारास नव्या प्रकारचे रेझीन सिद्ध केले आणि आजच्या कॉम्पोझिटचा पाया घातला गेला. रंगाऱ्याच्या कामातून दंतवैद्यकाला मिळालेली ही देणगी आहे असे म्हटले, तर आमच्या व्यवसायबंधूंनी रागावू नये.

प्रत्यक्ष कामाची माहिती कुटुंबीय नेहमी विचारतात, म्हणून थोडक्यात सांगतो. बहुतेक वेळा इंजेक्शन लागत नाही. प्रथम दाताची छटा ठरवली जाते, आणि ती दात ओला असतानाच, शक्यतो खिडकीतील उजेडात ठरवावी लागते. कारण कोरडा पडलेला दात असतो त्यापेक्षा पांढरा दिसतो. नंतर दात स्वच्छ करून लाळ लागणार नाही अशी व्यवस्था करतात. सुमारे ३५ ते ३७ टक्के फॉस्फोरिक आम्लाचे जेल पंधरा ते तीस सेकंद लावून धुतले की, तेवढा भाग दुधी काचेसारखा दिसू लागतो. त्यावर चिकटद्रव्याचा पातळ हात आणि मग कॉम्पोझिटचे थर. एक थर साधारणपणे दोन मिलिमीटरहून जाड घेत नाहीत, कारण प्रकाश त्याहून खोल नीट पोहोचत नाही. शेवटी आकार, रंगीत कागदावर चावायला लावून दातांच्या मिटणीची तपासणी आणि चकाकी. एका दाताला अर्धा ते एक तास लागतो. या सर्वांत वेळखाऊ काम कोणते असेल, तर लाळ दूर ठेवण्याचे! त्यात घाई झाली की काम लवकर निखळते. म्हणूनच हे काम गर्दीच्या सकाळच्या वेळेत करू नये असा आमचा आग्रह असतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. हे काम करून घेण्यासाठी आमच्याकडे येते कोण?

सर्वांत आधी येतात ती शाळकरी मुले. सायकलवरून, शाळेच्या पायऱ्यांवरून, कबड्डीच्या मैदानात पडलेली. आठ ते बारा या वयात वरचे पटाशीचे दात नुकतेच आलेले असतात, आणि ज्यांचे दात थोडे पुढे आहेत त्यांना इजा अधिक होते. टवका उडालेल्या दाताच्या आतील भाग उघडा पडला, तर थंड पाण्याने कळ येते, धारदार कडेने जीभ आणि ओठ कापतात, आणि जंतूंना आतल्या नसेपर्यंत जाण्याची वाट मिळते. असा दात झाकणे याला सौंदर्यप्रसाधन म्हणायचे की उपचार? शिवाय या वयात दाताची नस मोठी असते आणि हिरडी अजून आपल्या जागी स्थिरावलेली नसते. अशा दाताला घासून कॅप बसवणे बहुधा अनुचित ठरते. बाँडिंगमध्ये दात जवळजवळ घासावाच लागत नाही, म्हणून मुलांसाठी तोच पर्याय सर्वांत सौम्य.

दुसरा वर्ग वयस्कांचा. राखुंडी, मशेरी, मीठ, विटेची पूड यांनी वर्षानुवर्षे दात घासल्यामुळे हिरडीलगत खाचा पडतात. शिंप्यांच्या दातांवर दोरा तोडून तोडून पडलेली खाच दिसते; तोंडात खिळे धरून काम करणाऱ्या सुतारांचीही तीच गत. हिरडीलगतची खाच भरली की थंड-गरम लागणे बहुधा थांबते. येथेही दिसणे आणि दुखणे यांच्यामधली रेघ आम्हाला ओढता आलेली नाही.

तिसरा वर्ग मात्र निखळ 'दिसण्याचा' आहे, आणि आक्षेप खरा त्यावरच आहे. फट असलेले, डाग असलेले, एखादा दात जन्मतःच खुंटीसारखा बारीक असलेले तरुण-तरुणी. यांत लग्नाच्या मुली असतात आणि त्यांना घेऊन आलेल्या आया असतात. दाखवण्याच्या कार्यक्रमात मुलीच्या दातांवरून तिची किंमत ठरावी, हे आम्हाला मुळीच रुचत नाही आणि तसे आम्ही त्या मातांना स्पष्ट सांगतो. सौंदर्याच्या कल्पना किती चंचल असतात ते आपल्याच महाराष्ट्रात पाहावे; एकेकाळी सुवासिनी काळे दातवण लावून दात काळे करीत आणि त्यालाच शोभा मानले जाई. तरीही बोलताना सतत तोंडावर हात किंवा पदर धरणारी मुलगी मुलाखतीला जाते, वर्गात प्रश्न विचारायचा टाळते, छायाचित्रात ओठ मिटून उभी राहते, तेव्हा तिला समाजाच्या दोषांवर व्याख्यान देऊन परत पाठवणे आम्हाला जमलेले नाही. ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याला शहरातील कोणत्याही खासगी दवाखान्यात हे काम एका दुपारी करून मिळते. गरिबाला ते मिळू नये असा दंडक आपण का घालावा?

शिवाय एक गोष्ट आम्हाला विशेषत्वाने विश्वस्तांच्या कानावर घालायची आहे. वेदना नसताना दंतविभागात पाऊल टाकणारा माणूस विरळा. डाग काढायला म्हणून जे तरुण येतात, त्यांतील अनेकांच्या डागांचे कारण तंबाखू, गुटखा किंवा सुपारी असते. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी तोंडे वेगळेच सांगतात. अशा तरुणाला आम्ही प्रथम तोंड उघडायला लावतो. स्वतःची तीन बोटे उभी तोंडात जात नसतील, गालाच्या आतली त्वचा पांढरट आणि ताठ झाली असेल, तर तो सबम्यूकस फायब्रोसिस असू शकतो, आणि त्याचे पर्यवसान कर्करोगात होण्याचा धोका असतो. दातांच्या पांढरेपणासाठी आलेल्या माणसाला हे योग्य वेळी कळते. त्याचे बाँडिंग मग बाजूला राहते आणि खरी तपासणी सुरू होते.

फ्लोरोसिसबद्दल थोडे विस्ताराने बोलणे भाग आहे. नांदेड, यवतमाळ, चंद्रपूर या जिल्ह्यांतील काही गावांत भूजलात फ्लोराइडचे प्रमाण अधिक आढळते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम ही स्वीकार्य मर्यादा आहे, आणि अन्य स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतले जाते. दात हिरडीच्या आत घडत असतात त्या बालवयात असे पाणी पोटात गेले, तर दातांवर खडूसारखे पांढरे पट्टे आणि पुढे तपकिरी डाग उमटतात. ते घासून जात नाहीत आणि त्यात त्या मुलाची काहीही अस्वच्छता नसते. हे पालकांना आणि शिक्षकांना पुनःपुन्हा सांगावे लागते, कारण शाळेत अशा मुलांना 'दात घासत नाही' म्हणून चिडवले जाते. सौम्य डाग वरचा पातळ थर घासून फिके होतात. गडद डागांवर बाँडिंग करता येते. मात्र असे कवच आम्लाला सहजासहजी दाद देत नाही, तेव्हा पृष्ठभाग आधी खरखरीत करून आम्ल अधिक वेळ ठेवावे लागते, आणि तरीही पकड थोडी कमी पडते. थोरल्या मुलीचे दात आम्ही झाकून दिले आणि धाकटा भाऊ त्याच बोअरवेलचे पाणी पितो आहे, तर आमचे काम अर्धवटच राहिले. म्हणून अशा प्रत्येक कुटुंबाला पाण्याची तपासणी करून घेण्यास आम्ही सांगतो आणि लहान मुलांसाठी पिण्याच्या पाण्याचा दुसरा स्रोत शोधण्याचा आग्रह धरतो.

या उपचाराच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. बाँडिंग जन्मभर टिकत नाही. काही वर्षांनी, कोणाचे तीन तर कोणाचे आठ-दहा वर्षांनी, ते दुरुस्त करावे लागते किंवा नव्याने करावे लागते. चहा, हळद, पान यांनी त्याचा रंग बदलतो. चिनी मातीच्या पातळ पापुद्र्याइतकी त्याची चकाकी टिकत नाही. मात्र खर्च पुष्कळ कमी येतो आणि तुटले तर तेवढ्याच जागी भर घालता येते. दात गोरे करून घ्यायचे असतील तर ते आधी करावे व सुमारे दोन आठवडे थांबून मग बाँडिंग करावे, कारण कॉम्पोझिट पुढे ब्लीचने उजळत नाही. अर्ध्याहून अधिक तुटलेला दात, किडलेला दात, हिरड्यांतून रक्त येणारे तोंड यांवर आम्ही हे काम सरसकट करीत नाही. जुन्या माराने एकच दात काळपट पडला असेल तर आतील नस मृत झालेली असण्याची शक्यता असते. तेथे आधी क्ष-किरण छायाचित्र आणि गरज पडल्यास रूट कॅनाल. वरून रंग चढवून आतला पू झाकणे म्हणजे रुग्णाची फसवणूक होय. रस्त्याकडेला बसून तात्काळ घट्ट होणारे ॲक्रिलिक दातांत थापणाऱ्यांकडे जाऊ नये, हेही आम्ही कळकळीने सांगतो. त्याने हिरड्या सुजतात आणि शेजारचे चांगले दातही हलू लागतात.

निधीच्या बाबतीत विभागाची भूमिका अशी आहे. वेदना, सूज, जंतुसंसर्ग आणि कर्करोगाची शंका यांना नेहमी अग्रक्रम राहील. इजा झालेली मुले, फ्लोरोसिसचे रुग्ण आणि झिजलेल्या दातांचे वृद्ध यांचे बाँडिंग आम्ही उपचार म्हणूनच धरतो. निव्वळ दिसण्यासाठी केलेल्या कामाचा खर्च निर्धन रुग्ण निधीतून एका पैशानेही करू नये आणि त्यासाठी ज्यांना इच्छा आहे अशा देणगीदारांनी नाव घालून स्वतंत्र देणगी द्यावी, अशी आमची सूचना आहे. निरोगी, सुबक दातांना केवळ फॅशन म्हणून आकार बदलून देण्याची विनंती आली, तर धर्मादाय दराने ते काम करू नये असेही आम्हाला वाटते. यावर विश्वस्त मंडळात मतभेद आहेत, हे आम्ही जाणतो. काही सभासदांच्या मते ही वर्गवारी दारात बसून करता येणार नाही. आमचे म्हणणे इतकेच की, ती करणे कठीण असले तरी तपासणीच्या खुर्चीत बसलेल्या माणसाशी दहा मिनिटे बोलले की बहुतेक वेळा उलगडा होतो.

कुटुंबीयांसाठी आता थोड्या कामाच्या गोष्टी. मुलाचा दात तुटला तर तुकडा शोधून दुधात किंवा पाण्यात बुडवून आणावा. तो कोरडा होऊ दिला नाही तर पुष्कळदा तोच पुन्हा चिकटवता येतो. पक्का दात मुळासकट बाहेर आला असेल तर तो वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलावा, मूळ घासू नये, माती लागली असल्यास क्षणभर स्वच्छ पाण्यातून काढावा, जमल्यास लगेच जागेवर बसवावा, नाहीतर दुधात ठेवून तडक रुग्णालय गाठावे. येथे एकेक मिनिट मोलाचे असते. तासाभरानंतर तो दात जगण्याची आशा फार उणावते. दुधाचा दात मात्र पुन्हा बसवू नये. बाँडिंग झाल्यावर पहिले दोन दिवस चहा, कॉफी आणि हळदीचा रस्सा टाळावा. सुपारी फोडणे, बाटलीचे झाकण उघडणे, दोरा तोडणे, नखे कुरतडणे ही कामे त्या दातांकडून कधीच घेऊ नयेत.

बाँडिंगच्या नोंदणीसाठी येताना रुग्णाचे दात दिसतील असे एखादे जुने छायाचित्र असल्यास जरूर आणावे. मूळ आकार कसा होता हे त्यावरून चांगले कळते. मुलांसोबत आई किंवा वडील यांपैकी एकाने थांबावे, आणि फ्लोरोसिसच्या रुग्णांनी घरच्या पिण्याच्या पाण्याची बाटली भरून सोबत ठेवावी.