सही कशाखाली करायची?

(बांधकाम मजूर स्त्रियांबरोबर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



मला विषय दिलाय 'कामाच्या ठिकाणची सुरक्षितता आणि प्रशिक्षण'. मी डॉक्टर नाही, सेफ्टी ऑफिसर तर नाहीच नाही. गेली पंधरा-सोळा वर्षं पुणे परिसरातल्या बांधकामांवर बायकांबरोबर बसून जे काही शिकलो-शिकवलं, त्यातलं थोडं मांडणार आहे. मी बोलताना मध्येच थांबवलंत तरी चालेल.

मोठ्या साइटवर सकाळी कामाआधी दहा मिनिटं 'टूलबॉक्स टॉक' नावाचा प्रकार असतो. सेफ्टी ऑफिसर पुढे उभा राहतो, मजूर रांगेत. हिंदीत सांगतो की हेल्मेट घाला, पट्टा बांधा, काळजी घ्या. मग एक कागद फिरतो, सह्या-अंगठे होतात, फोटो निघतो. चार मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो, तेव्हा जरा मोठा कार्यक्रम, शपथ आणि नाश्ता. चार दिवसांनी आपला आठ मार्च येतो, पण या दोन दिवसांची एकमेकांशी गाठ पडलेली मी अजून पाहिली नाही.

कारण त्या सकाळच्या रांगेत बायका नसतातच. त्या वेळी त्या टँकरच्या नळावर असतात, भाकरी थापत असतात, पोराला कुणाच्या तरी हवाली करत असतात. नवऱ्यामागून पंधरा मिनिटांनी येतात आणि थेट घमेलं उचलतात. ऑफिसरला विचारलं तर म्हणतो, "मॅडम, लेडीज येतच नाहीत." वेळ दहाची केली तर येतील, हे काही त्याच्या डोक्यात येत नाही. दहा वाजता काम थांबवायचं म्हणजे त्या वेळेची मजुरी कुणीतरी सोसायला हवी ना!

दुसरं कारण जास्त खोल आहे. ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता धरतात, हे आपल्याला माहीत आहे. बांधकामावरही अनेक ठिकाणी तोच हिशेब चालतो, त्याला जोडी म्हणतात. मजुरी जोडीची, ती नवऱ्याच्या हातात आणि मस्टरवर नाव त्याचं. ती कामगार नव्हे, कामगाराची बायको. १९९६च्या बांधकाम कामगार कायद्यानं पन्नासपेक्षा जास्त स्त्रिया कामावर असतील तिथे पाळणाघर सक्तीचं केलं होतं. बायका मोजायच्याच नाहीत म्हटल्यावर पन्नास भरणार कशा? २१ नोव्हेंबर २०२५ला चार श्रमसंहिता लागू झाल्या. सुरक्षा आणि आरोग्याच्या संहितेत पाळणाघरासाठी आता स्त्रिया मोजायच्या नाहीत, एकूण कामगार पन्नासपेक्षा जास्त असले की झालं. या संहितांबद्दल आपल्या तक्रारी ढीगभर आहेत, पण एवढी एक फट आपल्या कामाची आहे, ती वापरायला हवी.

आता प्रशिक्षणात काय सांगतात ते बघू. सगळा भर 'काळजी घ्या'वर. म्हणजे अपघात होतो तो मजुराच्या निष्काळजीपणानं, हे आधीच ठरलेलं. खरं तर या शास्त्रातली माणसंच सांगतात की हेल्मेट-हातमोजे हा शेवटचा उपाय. आधी धोकाच काढून टाका, तो जमत नसेल तर अडवा, आणि एवढं करूनही जो उरेल त्यासाठी हेल्मेट. लिफ्टच्या डक्टवर नुसता प्लाय टाकून ठेवायचा आणि बायकांना सांगायचं 'बघून चाला', याला सुरक्षा म्हणत नाहीत. डक्टला पक्का कठडा हवा. फरशी कापताना पाण्याची धार सोडली की धूळ जागच्या जागी बसते. कोरडी कापली की तीच सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसात जाऊन बसते. त्यातून होणाऱ्या सिलिकोसिसला औषध नाही, आणि खोकला बघून कित्येकदा टीबीचेच उपचार चालू राहतात. आणि कटरच्या समोर बसून फरशी धरणारी बरेचदा बाईच असते. तोंडाला पदर बांधते बिचारी. पदरानं ती धूळ अडत नाही.

हेल्मेटचं म्हणाल तर अंबाड्यावर ते बसत नाही. हातमोजे पुरुषांच्या मापाचे. मग बायका दुधाच्या पिशव्या बोटांना गुंडाळतात, कारण ओल्या सिमेंटनं कातडी जळते, भेगा पडतात. कुणाला एकदा त्याची ॲलर्जी झाली की पुढे नुसत्या स्पर्शानंही हात उतू लागतात. कित्येक जणी संध्याकाळी स्लॅबवर साठवलेल्या पाण्यानंच हात धुतात, आणि त्या पाण्यात सिमेंटचाच क्षार उतरलेला असतो. हात धुवायला वेगळं स्वच्छ पाणी मागा, ही आमच्या प्रशिक्षणातली अगदी पहिली मागणी. डोळ्यात सिमेंट उडालं तर तूप-तेल काही घालायचं नाही, स्वच्छ पाण्यानं निदान पंधरा-वीस मिनिटं डोळा धूत राहायचं आणि मग दवाखाना. हे सांगायला दोन मिनिटं लागतात, पण साइटवर पंधरा मिनिटं डोळा धुवायला तेवढं पाणी कुठंय?

संडासाचं तर बोलायलाच नको. आडोसा नाही म्हणून बायका दिवसभर पाणी पीत नाहीत. एप्रिल-मे महिन्यात मग चक्कर येते, लघवीची जळजळ तर बारा महिने असते. चक्कर येऊन जिन्यावरून पडली तर कागदावर लिहिलं जातं 'पाय घसरून'.

आणि जिना म्हटला की मला राग येतो. परांचीवर बाईनं चढायचं नाही, धोक्याचं असतं म्हणे. पण कठडा नसलेल्या जिन्यावरून डोक्यावर ओझं घेऊन दिवसभर तिसऱ्या मजल्यापर्यंत चढउतार करायची, तो धोका नव्हे. गवंड्याचा दर परांचीवर चढणाऱ्याला आणि बिगारीचा दर जिना चढणारीला!

आम्ही प्रशिक्षण सुरू करतो ते वजनकाट्यापासून. बायकांना विचारतो, एका खेपेला विटा किती? दहा, बारा, कुणी तरणी म्हणते चौदा. मग एक वीट काट्यावर ठेवायची. साधारण तीन किलो, भिजवलेली असेल तर त्याहून जास्त. बारा विटा म्हणजे छत्तीस किलोच्या वर. बांधकाम कामगारांच्या १९९८च्या केंद्रीय नियमांनी प्रौढ स्त्रीनं उचलायच्या ओझ्याची कमाल मर्यादा तीस किलो ठरवली होती, पुरुषाची पंचावन्न. सिमेंटची गोणी पन्नास किलोची. पुढचे नियम कसेही येवोत, बोलणी करताना हा तीसचा आकडा आपण सोडायचा नाही. त्या हिशेबानं विटा होतात नऊ-दहा. एकदा हे गणित संपल्यावर लातूरकडच्या एक मावशी म्हणाल्या, "मग आजवरच्या वरच्या चार विटा कुणाच्या खात्यात गेल्या गं?" यावर मी काय बोलणार!

तरी हा आकडा एका खेपेचाच आहे. दिवसाच्या खेपा कुठे मोजतात? वीस किलोचं घमेलं आणि दीडशे खेपा धरल्या तर दिवसाला तीन टन होतात. मान, कंबर, गुडघे त्यात जातात. बाळंतपणानंतर लवकर ओझं उचललं की अंग बाहेर येतं. हे बायका पुरुषांसमोर बोलत नाहीत, म्हणून हे सत्र आम्ही वेगळं घेतो. खरं सांगायचं तर त्यांना या सगळ्याची जाण आपल्यापेक्षा जास्त आहे. ओझं डोक्यावर चढवताना आणि उतरवताना सगळ्यात जास्त इजा होते, तेव्हा दोन्ही टोकांना हात द्यायला एकेक माणूस हवं, हे आम्हाला बायकांनीच सांगितलं. चुंबळ कशी जाड करायची तेही.

तेव्हा अडचण अज्ञानाची नाहीच. त्याच सत्रात एकजण म्हणाली होती, "नऊच उचलल्या तर मुकादम उद्या नाक्यावरनं दुसरीला आणंल." अगदी खरं आहे. म्हणून एकटीला 'कमी उचल' असं शिकवणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं. त्या साइटवर सगळ्या जणी मिळून मुकादमाशी बोलल्या, दोन दिवस घासाघीस झाली, आणि खेप दहाची ठरली. वर उतरवून घ्यायला माणूसही मिळाला. पुढच्या साइटवर पुन्हा पहिल्यापासून, हेही सांगायला हवं.

आता ज्यासाठी मुद्दाम आले त्या कागदाकडे वळते.

काही वर्षांपूर्वी एका साइटवर एक बाई प्लाय टाकलेल्या डक्टमधून दोन मजले खाली पडली. जीव वाचला, पाय कायमचा अधू झाला. आम्ही गेलो तर उत्तर मिळालं, ती आमची कामगार नाही, नवऱ्याचा डबा घेऊन आली होती. मस्टरवर नाव नव्हतंच. शेवटी उपयोगी पडलं ते पाळणाघराचं रजिस्टर. तिचं पोर तीन महिने रोज तिथे हजर होतं. आई कामाला नव्हती, तर पोर तिथे कशाला होतं? मग दुसरा कागद बाहेर आला, सुरक्षा प्रशिक्षणाचा. वर छापलेलं, 'मला सुरक्षा साधने मिळाली, सूचना समजल्या, अपघात झाल्यास जबाबदारी माझी राहील', आणि खाली नवऱ्याची सही. म्हणजे आधी ती कामगारच नव्हती, आणि कामगार ठरल्याबरोबर निष्काळजी कामगार झाली! पुढे तडजोड झाली. एवढंच बरं झालं की रक्कम तिच्या स्वतःच्या नावावर आली.

या कागदाची कायद्यात किंमत काय? कामगारांच्या नुकसानभरपाईच्या १९२३च्या कायद्यानं मालकाला एक पळवाट दिली होती. कामगारानं सुरक्षेचा स्पष्ट नियम जाणूनबुजून मोडला किंवा साधन मुद्दाम काढून टाकलं आणि त्यामुळेच इजा झाली, तर भरपाई नाकारता येते. मृत्यू झाला किंवा कायमचं संपूर्ण अपंगत्व आलं, तर मात्र ही सबब चालत नाही. पण आपल्याकडच्या बहुतेक इजा मधल्या असतात. हात जातो, पाय जातो, आणि तिथेच हा कागद पुढे केला जातो. त्याच कायद्यात हेही होतं की भरपाईचा हक्क सोडून देणारा कोणताही करार बाद, आणि ठेकेदाराच्या माणसांसाठीही मूळ मालक जबाबदार. सामाजिक सुरक्षेच्या नव्या संहितेनं या गोष्टी कायम ठेवल्या आहेत. तेव्हा 'जबाबदारी माझी' या ओळीनं हक्क बुडत नाही. पण बाईला वाटतं बुडाला, आणि ती दावाच करत नाही. ती ओळ छापण्यामागचा हेतू मला तरी तोच दिसतो.

आपल्यातल्या काही मैत्रिणींचं म्हणणं आहे की असल्या कागदावर सहीच करू नये. मला ते पटत नाही. जिचं नाव मस्टरवर नाही, तिच्यासाठी प्रशिक्षणाची हजेरी हा ती त्या दिवशी त्या साइटवर कामगार म्हणून होती याचा कधीकधी एकमेव लेखी पुरावा असतो. कल्याणकारी मंडळाच्या नोंदणीसाठी नव्वद दिवसांचा दाखला मिळवताना किती पायपीट होते, ते तुम्ही सगळ्यांनी बघितलंय. सही करायची, पण स्वतःच्या नावानं, नवऱ्याच्या नावाखाली 'व पत्नी' म्हणून नाही. 'जबाबदारी माझी' ही ओळ खोडून. तारीख, जागा, विषय, किती वेळ शिकवलं, कोणती साधनं मिळाली आणि कोणती नाही मिळाली, हे लिहून. आणि सहीनंतर लगेच कागदाचा मोबाइलवर फोटो. तीन साइटवर आम्ही हे मान्य करून घेतलं. चौथ्या ठिकाणी मॅनेजरनं आम्हाला गेटबाहेर काढलं.

प्रशिक्षण हा कुणी केलेला उपकार नाही, हेही बायकांपर्यंत पोचवायला हवं. भोपाळला १९८४ साली वायुगळती झाली, त्यानंतर १९८७ मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन माहिती मिळवणं आणि प्रशिक्षण घेणं हा कामगाराचा हक्क म्हणून लिहिला गेला. बांधकाम मजुरांना १९९६चा कायदा मिळाला तो संघटनांनी वर्षानुवर्षं मोहीम चालवल्यावर. आता नव्या संहितेत बांधकामावरच्या सुरक्षा समितीसाठी कामगारांची संख्या पाचशेवरून अडीचशेवर आली आहे, आणि कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी असता कामा नयेत. त्यात बाई हवीच, ही मागणी आपणच रेटायला हवी. निरीक्षकाच्या पदनामात आता 'सुविधाकर्ता' असंही जोडलंय. सुविधा कुणाची, ते कळेलच. आणि नाक्यावरून दुरुस्तीच्या कामाला चार-पाच जणी जातात त्यांचं काय? दहापेक्षा कमी मजुरांच्या बांधकामाला यातलं फारसं काही लागू होत नाही, तिथे आपल्याला महापालिकेच्या दारातच बसावं लागेल.

एक मुद्दा राहिला. २०१९ साली जून महिन्यात पुण्यात कोंढव्याला रात्रीच्या पावसात सोसायटीची भिंत मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली, पंधरा माणसं गेली. त्यात लहान मुलंही होती. सगळी झोपेत होती. हेल्मेट कुणाला घालायला सांगणार होतो? पुरुषाची साइट संध्याकाळी संपते, पण बाई तिथेच चूल मांडते, तिथेच पोरं सांभाळते. पत्र्याच्या खोल्या कुठे बांधल्या, भिंतीपासून किती अंतरावर, खड्ड्याच्या कडेला आहेत का, विजेची वायर कुठून ओढलीय, हे सगळं सुरक्षा प्रशिक्षणात यायला हवं. आम्ही बायकांना घेऊन पावसाळ्याआधी वस्तीची फेरी काढतो. त्या स्वतः बोट दाखवून सांगतात, आम्ही फक्त लिहून घेतो आणि पोच घेऊन ठेकेदाराला आणि मूळ बिल्डरला, दोघांनाही देतो.

तुम्हाला आपापल्या साइटवरचा प्रशिक्षणाचा कागद आणायला सांगितलं होतं, तो काढून ठेवा. वजनकाटा आणि विटा मागच्या व्हरांड्यात आहेत. जेवणाआधी प्रत्येकीनं एकदा दहा विटांचं घमेलं डोक्यावर घेऊन समोरचा जिना चढून यायचं आहे. ज्यांना कंबरदुखी आहे किंवा दिवस गेलेत त्यांनी नाही. जेवणानंतर गटात बसून हजेरीच्या कागदाचा नवा मसुदा करू.